पाहुणी येणार होती

म्हाळसाबाईंनी वाकळीची घडी घातली, तिच्यावर गुडघा रोवला आणि दोन्ही हातांनी दोरी आवळली. गाठ बसली तेव्हा त्यांच्या तोंडून एक बारीक हुंकार निघाला, काम मार्गी लागल्याचा. मग खाटेखालून पितळी डबा, चपला, बाळाच्या वाळलेल्या दुपट्यांची चळत असं एकेक ओढून काढून त्यांनी भिंतीकडेला ओळीनं मांडलं. खाटेवर त्यांची सून आरोही कुशीवर निजली होती. तिचा एक हात पोटाच्या किंचित वर, हवेत थांबलेला होता. टाक्यांना स्पर्श न करता त्यांची राखण करत असल्यासारखा. बाळ पलीकडच्या झोळीत होतं.

दैवशाला वॉर्डाच्या दारात उभी राहून हे पाहत होती. ती डॉक्टर नव्हती, सिस्टरही नव्हती. विद्यापीठात ती आरोग्यसेवा व्यवस्थापन शिकत होती, आणि शेवटच्या सत्रातल्या प्रबंधासाठी नळदुर्गच्या अलीकडच्या या ट्रस्टच्या रुग्णालयात हिवाळ्यापासून येऊन राहिली होती. आपण नेमकं काय शिकतो हे घरी समजावताना तिची दमछाक होई. वडील एसटीत नोकरीला. "सुई टोचायची न्हाय, गोळी द्यायची न्हाय, मग करायचं काय?" त्यांनी विचारलं होतं. दवाखाना कसा चालतो ते बघायचं, कोण कधी आलं, कोण कधी गेलं, कुठं खोळंबा होतो, असं तिनं सांगितलं होतं. "म्हंजी कंट्रोलर," ते म्हणाले, आणि त्यांचं समाधान झालं.

तिच्या प्रबंधाचा विषय होता सुट्टी मिळण्याआधीच निघून जाणाऱ्या बाळंतिणी. रुग्णालयाच्या बोलीत त्यांना 'पळालेल्या' म्हणत. त्या निघून गेल्यावर दैवशाला फोन करून कारण विचारी. विद्यापीठातल्या सरांनी उत्तरांसाठी चार कप्पे ठरवून दिले होते. पैसा, अंतर, सेवेविषयी नाराजी आणि इतर. पहिले तीन कप्पे जवळजवळ रिकामे राहिले. सगळी गर्दी 'इतर'मध्ये झाली. 'इतर' हा शब्द तिला बिनखिडकीच्या खोलीसारखा वाटू लागला होता. आत माणसं असतात, बोलतात, पण बाहेर नुसती कुजबुज येते. त्या कुजबुजीत एक उत्तर सारखं ऐकू येई. घरला पावणी येणार व्हती. बाई टाक्यांसकट उठून जावी असं या पाहुणीत काय आहे, याचं दैवशालेला फार कुतूहल होतं. तिच्या डोळ्यांसमोर नथ घातलेली, तोंडाची फटकळ अशी कुणी एक आत्या येई, जी जिल्हाभर बाळंतिणींच्या घरी जेवायला जात असे.

"मावशी, टाके ओले आहेत म्हणून डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय ना?" ती आत येत म्हणाली.

"सांगितलंय की."

"मग?"

"मंग काय. ओलं हाय ते वाळंल घरी."

पलीकडच्या खाटेवरच्या बाईचा ताप पाहणाऱ्या लोखंडे सिस्टरांनी मान न वळवताच म्हटलं, "घ्या मॅडम, तुमचं गिऱ्हाईक. आणखी एक पळाली."

"तिला धड बसता येत नाही, सिस्टर. पळेल कशी?"

"जीपमधी बसून."

दोघीतिघी हसल्या. आरोही हसली नाही. तिनं डोळे मिटून घेतले, आणि हवेतला तो हात बोटभर खाली आला.

दैवशाला झोळीजवळ उकिडवी बसली. गेल्याच महिन्यात अशीच निघून गेलेली एक बाई टाके उसवून परत आली होती. त्या दिवशी पुसलेली फरशी तिच्या डोळ्यांसमोरून अजून गेली नव्हती. "मावशी, दोनतीन दिवसांचाच प्रश्न आहे. अशी काय घाई आहे?"

"आज पावणी यायचीय घरला."

दैवशालेचा हात वहीवर थांबला. इतके दिवस फोनमधून ऐकलेला शब्द आज माणसाच्या तोंडून, समोरासमोर येत होता. "कोण पाहुणी?"

म्हाळसाबाईंनी आधी इकडंतिकडं पाहिलं. मग तर्जनी उचलली आणि स्वतःच्या कपाळावरून, डावीकडून उजवीकडं, एक ओळ ओढली.

"ती," त्या म्हणाल्या. "आज पाचवी न्हाय का?"

सटवाई. पाचव्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहिणारी ही बाई दैवशालेला लहानपणापासून माहीत होती. फक्त ती रुग्णालयाच्या कामात अशी आडवी येईल हे कधी सुचलं नव्हतं. आणि सुचावं तरी कसं? तिच्या टिपणांत बायका चौथ्या दिवशी जात होत्या.

"पण आज चौथा दिवस आहे, मावशी."

"पाचवा. मोजता येत न्हाय व्हय गं तुमच्यात?"

"ऑपरेशनचा दिवस आम्ही शून्य धरतो."

"शून्य?" म्हाळसाबाईंनी झोळीत पाहिलं, मग हिच्याकडं. "त्या दिशी ह्ये जल्मलं. शून्य कसा?"

दैवशालेनं वही मिटली.

म्हाळसाबाई खाली बसल्या. आवाज उतरवून, सुनेला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, पण तिला ऐकू जाईल एवढ्याच अंतरावरून बोलू लागल्या. "आदूगरचं लेकरू सोलापूरला काचंच्या पेटीत व्हतं पाचवीला. आमाला आत सोडलं न्हाय. कागद न्हाय, कलम न्हाय, दिवा न्हाय. ती आली आसंल आमच्या घरला. दिवा बघून येती ना ती? घरात अंधार, पाळणा रिकामा. गेली आसंल माघारी. लेकरू म्हैन्याचं झालं अन् गेलं." त्यांनी दुपट्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "कोरंच गेलं."

आरोहीचा हात आता टाक्यांवर टेकला होता. तिला दुखत असणार. पण तिनं तो उचलला नाही.

कोरं. हा शब्द दैवशालेच्या चांगला ओळखीचा होता. तिनं तो त्या वेळी तिथंच राहू दिला.

डॉ. स्वामी आपल्या खोलीत चहा घेत होते. बायका पळतात म्हणून त्यांनी वर्षभरात पुष्कळ काही केलं होतं. जेवणात शिरा सुरू केला, पंखे बदलले, शेवटी फाटकावर एक रखवालदारही बसवला. बायका शिरा खाऊन, पंख्याचं कौतुक करून, रखवालदाराला रामराम घालून जात राहिल्या.

"सर, त्या का जातात ते कळलं."

"जेवण?"

"नाही."

"मग झोपायची अडचण. मी म्हणतच होतो."

"पाचवी असते, सर. घरच्या मोजणीनं पाचवा दिवस, म्हणजे आपला चौथा."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. खिडकीबाहेर हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांची रांग गुरगुरत सरकत होती. ते तिकडं पाहत राहिले.

"आमच्या मुलीच्या वेळी," ते सावकाश म्हणाले, "आईनं सांगितलं म्हणून बायकोला दुपारीच घरी घेऊन गेलो होतो. तेही सिझरच होतं."

"मग सर, तुमच्या लक्षात..."

"ते घर होतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हा दवाखाना आहे. तिकडचं इकडं कसं लक्षात येणार?" मग चष्मा पुन्हा चढवला आणि ते डॉक्टर झाले. "काय म्हणता तुम्ही?"

"इथंच करू द्यावी."

"वॉर्डात?"

"तसं केलं नाही तर ती दुपारी जीपमध्ये बसेल, सर. तिकडचा रस्ता तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी टेबलावर बोटं वाजवली. "ज्योत नको. आत ऑक्सिजन आहे. आणि धूर नको, बाळं आहेत. बाकी तुमच्या त्या पाहुणीला म्हणावं, भेटीची वेळ चार ते सहा." स्वतःच्याच विनोदावर ते हसले नाहीत. ती दाराशी पोचल्यावर मागून म्हणाले, "आणि मला सांगा. काय होतं ते."

वॉर्डात परतल्यावर दैवशालेनं सरळच विचारलं, "मावशी, पाहुणीला इथंच बोलावलं तर?"

"हितं?" म्हाळसाबाईंनी नाक वर करून वास घेतला. "फिनेलात?"

"डॉक्टरांनी हो म्हटलंय."

"डाक्टर म्हणंल. तिनं म्हणाय पायजे न्हव." पण त्यांच्या आवाजात नुसता नकार नव्हता, घर लावायला आलेल्या बाईची एक चौकशी त्यात शिरली होती. "पाटा-वरवंटा कुठाय? पुजायचं काय?"

"स्वयंपाकघरात आहे का बघते."

"तिथं मिक्सर हाय," लोखंडे सिस्टर म्हणाल्या.

"मिक्सरला कुकू लावू व्हय गं बाई? बटन दाबलं की येती का ती?"

आता अख्खा वॉर्ड हसला. "हसवू नगा वो मावशी," कोपऱ्यातून कुणीतरी कळवळलं, "टाकं दुखत्यात."

हसता हसता म्हाळसाबाईंची नजर दाराकडं गेली. वॉर्डाच्या दाराला कडी नव्हती. महामार्गावरून वारा आला की ते आपटे, म्हणून त्याच्या पायाशी कुणीतरी एक दगड लावून ठेवलेला होता. दैवशालेच्या टिपणांत तो होता. सोयींमधल्या उणिवांच्या यादीत. येणारा-जाणारा त्याला पायानं सरकवी. म्हाळसाबाई उठल्या, दाराशी जाऊन वाकल्या आणि त्यांनी तो दगड उलटा केला. खालची बाजू गुळगुळीत, गोलसर झिजलेली होती. कोण्या काळच्या घरातली कितीतरी वाटणं त्या झिजेत होती.

"वरवंटा हाय की गं! आर्धा तुटलेला." त्यांनी तो छातीशी धरला. "इतकं दिस लाथाडलाय व्हय समद्यांनी?"

त्या दगड घेऊन नळाकडं गेल्या. मोकळं दार हलकेच हलू लागलं, तेव्हा सिस्टरांनी त्याला एक स्टूल लावलं.

ओल्या दगडावरून पदर फिरवत म्हाळसाबाई परत आल्या त्या नवी शंका घेऊन. "पर हितं सा लेकरं. तिला आमचं कसं कळंल? दुसऱ्याचं लिवून बसली म्हंजी?"

दैवशालेनं झोळीतलं बाळाचं मनगट अलगद वर केलं. त्यावर प्लास्टिकची पट्टी होती. "यावर लिहिलंय, मावशी. आरोही यांचे बाळ. शिवाय खाटेचा नंबर."

म्हाळसाबाईंनी पट्टी निरखली. त्यांना वाचता येत नव्हतं. "तिला वाचता येतंय का पर?"

"ते मला..."

"येत आसंल," त्यांनीच निकाल दिला. "लिवती म्हंजी वाचत बी आसंल की."

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. स्टूल बाजूला करून बिराप्पा आत आले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, आरोहीचे सासरे. मुलगा प्रेम ट्रक घेऊन हैदराबादला गेला होता, त्यामुळं न्यायचं-आणायचं सगळं त्यांच्याकडं होतं. "जीप आलीय. उठवा तिला. वाटंत दुसरी शिटं भरायच्या आत निघू."

"हितंच करावं म्हणत्यात," म्हाळसाबाई म्हणाल्या.

"काय?"

"पाचवी."

"दवाखान्यात?" बिराप्पांनी खाटा, सलाईनच्या बाटल्या, भिंतीवरचा लसींचा तक्ता यांवरून नजर फिरवली. "येडी का काय तू? मागल्या टायमाला काय झालं, इसारलीस?"

"इसारली न्हाय. म्हणून तर उलसं थांबा म्हणते. तवा घरात दिवा नव्हता. दिवा लेकरापशी पायजे. लेकरू हितं हाय."

"मामा," दैवशाला मध्ये पडली, "जीपचे हिसके बसले तर टाके सुटतील. मागच्या महिन्यात एक बाई..."

"पोरी, तू डाक्टर हाईस का?"

"नाही."

"नर्स?"

"नाही."

"मंग कोण हाईस?"

प्रश्नात कुचेष्टा नव्हती. कळपात आलेल्या नव्या मेंढराची खूण पाहावी तसं ते विचारत होते. दोन वर्षांत शिकलेली सगळी वाक्यं दैवशालेच्या मनात उभी राहिली, आणि एकही पुढं येईना.

"कंट्रोलर," ती म्हणून गेली.

बिराप्पांनी भुवया उंचावल्या. "म्हंजी गाडी कवा सोडायची ते तू सांगणार?"

"मामंजी," खाटेवरून आवाज आला. सकाळपासून आरोही पहिल्यांदाच बोलत होती. "मला बसवत न्हाय."

बिराप्पा तिच्याकडं पाहू शकले नाहीत. पटका काढून त्यांनी पुन्हा डोक्यावर ठेवला. "तसं न्हाय गं माय. तुजा जीव मला नगं झालाय का? पर एकदा कोरं गेलंय आपलं. परत कोरं ऱ्हाऊ द्यायचं व्हय?"

दैवशालेनं मघाशी बाजूला ठेवलेला शब्द तिच्यासमोर परत आला होता. आता तो उचलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"मामा, माझीही पाचवी झालेली नाही," ती म्हणाली. "मी दिवस भरायच्या आधीच जन्मले. मला पण काचेच्या पेटीत ठेवलं होतं, आणि आत कुणालाच सोडलं नव्हतं. आजी जन्मभर मला कोरी म्हणायची. परीक्षेत पास झाले तरी म्हणायची, नापास झाले तरी म्हणायची. नाव दैवशाला ठेवलं ते त्यासाठीच. निदान नावात तरी असावं म्हणून." ती हसायला गेली, पण चेहरा नीट वळला नाही. "पण मी आहे, मामा. जगले."

बाहेर हॉर्न पुन्हा वाजला, यावेळी लांबलचक.

म्हाळसाबाई पुढं आल्या. त्यांनी दैवशालेची हनुवटी धरून तिचं तोंड खिडकीच्या उजेडाकडं वळवलं आणि तिचं कपाळ न्याहाळलं; धान्यातले खडे पाहावेत तसं, डोळे बारीक करून. मग त्यावरून ओला अंगठा फिरवला. अंगठ्याला दगडाच्या गारव्याचा स्पर्श होता.

"मंग तुजं लिवलं कुणी?" त्यांनी विचारलं.

इतके दिवस दैवशाला बायकांना कारणं विचारत होती, आणि एवढा साधा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, तिनं स्वतःलाही नाही. म्हाळसाबाईंनी तिची हनुवटी सोडली आणि त्या नवऱ्याकडं वळल्या.

"दोन कागद लागत्याल," त्या म्हणाल्या.

बिराप्पा घोंगडी दुसऱ्या खांद्यावर घेऊन बाहेर गेले. हॉर्न थांबला. जीप सुरू झाल्याचा आवाज आला, वळल्याचा, आणि मग महामार्गाच्या आवाजात तो मिसळून गेला.

दिवस मावळताना दगड एका स्टीलच्या ट्रेमध्ये बसला. एरवी त्या ट्रेमध्ये इंजेक्शनं असत. हळदीकुंकू कोपऱ्यातल्या खाटेजवळच्या धुरपदाबाईंच्या करंड्यातून आलं. त्या लेकीच्या बाळंतपणाला आल्या होत्या; नातवंडाची पाचवी दुसऱ्या दिवशी होती, म्हणून त्यांचा मुक्कामही तेव्हा हलायचा होता. खारीक-खोबरं दुसऱ्या एकीनं दिलं. कणकेचा दिवा खिडकीच्या काचेपलीकडं, बाहेरच्या कठड्यावर लागला. आतल्यांना तो काचेतून दिसे, आणि त्याच्या मागं महामार्गावरचे दिवे, एकामागून एक, जणू त्याला भेटून पुढं जात.

दैवशालेनं वहीतून दोन कोरी पानं काढून दिली. म्हाळसाबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली, मग हात पसरला. "कलम?"

दैवशालेनं खिशातलं पेन दिलं.

"ह्यानं काय लिवायचीस?"

"बाया का जातात ते."

"मंग बरं हाय. वळण पडलंय त्याला." त्यांनी पेन कागदांवर आडवं ठेवलं. "आता सकाळपातुर कुणी शिवायचं न्हाय."

थोड्या वेळानं लोखंडे सिस्टर रक्तदाब मोजायला आल्या. आकडा टिपायला त्यांचं पेन उमटेना. त्यांनी ते झटकलं, पुन्हा झटकलं, आणि वाकून ट्रेमधल्या पेनाकडं हात नेला.

"हात लावू नगा!" चारी बाजूंच्या खाटांवरून एकदम आवाज उठला.

सिस्टरांचा हात अधांतरी राहिला. त्यांनी दगडाकडं पाहिलं, त्याच्यावरच्या कुंकवाकडं, काचेपलीकडच्या ज्योतीकडं. "माझ्याजवळ पेन्सिल आहे," त्या हळूच म्हणाल्या, आणि पुढच्या खाटेकडं जाताना दोन पावलं मागं येऊन त्यांनी बूट दारात काढले.

दैवशाला भिंतीला टेकून बसली होती. हातात पेन नव्हतं, म्हणून वही उघडण्यात अर्थ नव्हता. आणि वही मिटलेली होती, म्हणून ती नुसती पाहत होती. वॉर्डात तिला न दिसलेलं बरंच काही होतं. एक बाई दुसरीच्या पाण्याच्या तांब्यावर झाकण ठेवत होती. धुरपदाबाई आपल्या लेकीच्या कानाशी लागून काही विचारत होत्या, आणि लेक दगडाकडं बघत मान हलवत होती. आरोही उताणी निजली होती. तिचा हात पोटावरून उठून झोळीच्या दोरीवर गेला होता. ही बाई थांबली होती. ती का थांबली, हे मांडायला प्रबंधात एकही कप्पा नव्हता; सगळे कप्पे जाणाऱ्यांसाठी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. स्वामींनी आरोहीची पट्टी बदलली. ओल होती, पण वाढली नव्हती. "आणखी थोडे दिवस," ते म्हणाले. कुणी हरकत घेतली नाही. जाताना ते ट्रेजवळ क्षणभर थांबले, काही विचारावं असं त्यांच्या तोंडावर आलं, आणि ते न विचारताच पुढं गेले.

म्हाळसाबाईंचे डोळे जागरणानं तांबारले होते. उजाडताच त्यांनी बाळाचा कागद त्याच्या टोपड्यात घडी करून ठेवला होता. पेन त्यांनी पदरानं पुसून दैवशालेला परत दिलं. आणि मग दुसरा कागद.

"ह्यो तुजा."

तिनं तो उघडला. एका कोपऱ्याला हळदीचा पुसट डाग होता. बाकी तो दोन्ही बाजूंनी कोरा होता. तसाच असतो, हे तिला माहीत होतं. तरी तिनं तो उजेडाकडं धरून पाहिला. ठेवावा कुठं ते कळेना. वहीत तो चालणार नव्हता, खिशात चुरगळला असता.

तेवढ्यात महामार्गावरून एक टँकर गेला आणि वॉर्डाचं दार धाडकन आपटलं. स्टूल केव्हाच कुणीतरी बसायला नेलं होतं. सगळ्या बाया दचकल्या, दोन बाळं रडू लागली.

"दगड कुठाय दाराचा?" सिस्टर ओरडल्या, आणि ट्रेकडं नजर जाताच गप्प झाल्या. दगड आपल्या जागी बसलेला होता. त्याला दाराशी नेऊन ठेवेल असा हात आता त्या खोलीत उरला नव्हता.

दार वाऱ्यानं उघडलं आणि पुन्हा आपटलं. आरोही बाळाकडं झेपावायला उठू पाहत होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

दैवशाला झपाट्यानं पुढं गेली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. वाऱ्याचा धक्का तिला खांद्यांतून जाणवला. बाळांचं रडं हळूहळू ओसरलं. ती तशीच उभी राहिली. एका हातात पेन, दुसऱ्या हातात तो कागद. जरा वेळ तिनं दोन्हींकडं पाहिलं. मग काखेतली वही काढून तळहातावर आडवी धरली, तिच्यावर कागद पसरला आणि लिहायला सुरुवात केली.

म्हाळसाबाई खाटेपाशी बसून तिची मान खाली-वर होताना पाहत होत्या. "काय लिवलंय गं?" त्यांनी विचारलं.

पाहुणीनं लिहिलेलं त्या विचारतात की आपण लिहिलेलं, हे दैवशालेला नीट उमगलं नाही. तिनं वरची ओळ मोठ्यानं वाचून दाखवली.

"प्रसूती कक्षाच्या दारास कडी बसविण्याबाबत."

म्हाळसाबाईंनी ते मनात घोळवलं. दाराकडं पाहिलं, दाराला टेकलेल्या पोरीकडं पाहिलं.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या, आणि कालपासून बांधलेल्या वाकळीची गाठ सोडायला बसल्या.